जुना हॅम (हौशी) रेडिओ सेट घेताय? आधी माणूस तपासा

किंमत फारच कमी दिसली की सावध व्हायचं, हे तुम्हाला कुणीही सांगेल. पण मुरलेले भामटे भाव जरासाच उतरवतात. ‘अमुक सेट हवा आहे’ अशी जाहिरात टाकलीत की निरोप येतो: ‘माझ्या मित्राकडे आहे, त्याला ईमेल करा.’ हा मित्र बहुधा तोच भामटा असतो.

विक्रेत्याने कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारं रेडिओवरचं ओळखचिन्ह) दिला म्हणून हुरळून जाऊ नका. कॉलसाइन सार्वजनिक असतो, कुणाचाही उचलता येतो. क्यूआरझेड या कॉलसाइन शोधायच्या वेबसाइटवर तो शोधा आणि तिथे दिलेल्या पत्त्यावर स्वतःहून लिहा. तुमच्याही हातात हॅम परवाना असेल तर आणखी सोपं: ‘आज रात्री 40 मीटर बँडवर भेटायचं का?’ खरा हॅम खूश होतो, खोट्याचा अँटेना नेमका तेव्हाच पडलेला असतो.

फोटो मागताना अट घाला. सेट चालू हवा, डिस्प्लेवर तुम्ही सांगाल ती फ्रिक्वेन्सी, समजा 14.237 मेगाहर्ट्झ, आणि शेजारी तारीख लिहिलेला कागद. अर्थात फोटो बनवताही येतात, म्हणून महागड्या सेटसाठी मी व्हिडिओ कॉलच धरून बसेन. डमी लोड (अँटेनाऐवजी जोडायचा, सेटची पॉवर जिरवणारा भार) लावून प्रत्येक बँडवर पॉवर दाखवायला सांगा. 100 वॉटचा सेट सगळीकडे तीसेक वॉटवरच अडखळत असेल तर फायनल ट्रान्झिस्टरवर, म्हणजे शेवटी पॉवर वाढवणाऱ्या भागावर, संशय घ्यायला हरकत नाही.

पेपॅलवर ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ने पाठवलेल्या पैशाला खरेदीदार संरक्षण मिळत नाही. ‘गुड्स अँड सर्व्हिसेस’चाच आग्रह धरा. गिफ्ट कार्ड किंवा क्रिप्टो मागितलं, की बोलणं तिथेच थांबवा.