शुक्रवारचा दिवा

चि. बाळास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बंगळुरूत आपली ज्यू रीत कशी पाळू, मिन्यानला, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला, दहा पुरुष कुठून आणू, एका खोलीत दूध-मटणाची भांडी वेगळी कशी ठेवू, शनिवारी ऑफिसचा फोन आला तर काय करू... यादी मोठी केली आहेस. मीही नोकरीला लागले तेव्हा अशीच यादी केली होती. सगळं एकदम पाळायला गेले आणि दोन महिन्यांत एकही गोष्ट हातात उरली नाही. म्हणून सांगते, तू आधी फक्त शुक्रवार धर, संध्याकाळी शब्बाथ, आपला विश्रांतीचा दिवस, सुरू होतो तो.

आपले बेने इस्रायली पूर्वज अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याला लागले तेव्हा पोथ्या समुद्रात गेल्या, असं घरोघरी सांगतात. पुढे कित्येक पिढ्या ना रब्बी, ना हिब्रू. हनुक्काचा दिव्यांचा सण तर त्यांना ठाऊकच नव्हता. मुंबईत आपलं पहिलं देऊळ, म्हणजे सिनेगॉग, उभं राहिलं ते १७९६ साली. तोवर जवळ काय होतं? शेमाची प्रार्थना, आठव्या दिवशीची सुंता, खवल्यांचीच मासळी, आणि शब्बाथ म्हणून शनिवारी बंद तेलाचा घाणा. गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचं. कौतुकाने की चिडवून, कोण जाणे! तुझ्याकडे त्यांच्यापेक्षा पुष्कळ जास्त आहे.

गुरुवारी रात्री वाटीभर काळ्या मनुका धुऊन भिजत घाल. शुक्रवारी त्याच पाण्यात हाताने कुस्कर, पातळ फडक्यातून पिळून घे. बोटं चिकट होतील, सालं फडक्याला धरतील. मिक्सर लावू नकोस, बिया वाटल्या गेल्या की सरबत कडवट होतं. झालं तुझं किद्दूशचं, शब्बाथच्या आशीर्वादाचं, सरबत. दोन चपात्या रुमालाखाली झाक. सूर्यास्ताच्या अठरा मिनिटं आधी दिवा लाव. माझी आजी काचेच्या पेल्यात पाणी आणि वर खोबरेल घालून वात लावायची. तुला मेणबत्त्या चालतील. आणि फोन कपाटात ठेव. साहेबाला आधीच सांगून ठेव, आयत्या वेळी कारणं सांगत बसू नकोस.

भांड्यांचं म्हणशील तर मेसमध्ये शाकाहारी जेव, प्रश्नच मिटला. बाहेरची बिर्याणी नको. मटण कोशेर, म्हणजे आपल्या नियमातलं, नसतंच, वर त्यात दही, आणि मटणाबरोबर दूध-दही आपल्याला चालत नाही. आपल्या रश्श्यात नारळाचं दूध का असतं, हे मला कळायला विसावं वर्ष लागलं होतं.

सण हळूहळू येतील. त्यांची मराठी नावं मात्र सोडू नकोस. रोश हशाना, आपलं नववर्ष, म्हणजे नव्याचा सण; योम किप्पूर, प्रायश्चित्ताचा उपास, म्हणजे दारफाळणीचा; तिशा ब’आव, यरुशलेमचं मंदिर पडल्याच्या दुःखाचा उपास, म्हणजे बिरड्याचा. मित्रांना ‘ज्यूंची दिवाळी’ वगैरे सांगून वेळ मारून नेऊ नकोस. नीट सांगितलं की लोक ऐकतात.

पहिला पगार झाला ना? मग मलिदा, आपला आभाराचा विधी, राहिला आहे. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, पाच फळं, आणि एलियाहू हन्नबीचं, म्हणजे एलिया प्रेषिताचं, नाव. एकट्याने करू नकोस. शेजारच्या खोलीतल्या पोरांना बोलाव, त्यांच्याही हातावर घाल.

या शुक्रवारी साडेपाचला फोन करीन, मनुका भिजवल्यास का ते विचारायला. लगेच उचल. दिवा लागल्यावर मी बोलायची नाही.

तुझी,
मावशी