सीट बाळाच्या मापाची घेतली, गाडीचं माप राहिलं

मुलांच्या कार सीटबद्दलची तुमची पोस्ट दोनदा वाचली. दहा महिन्यांचं बाळ, वजन 9.2 किलो. थोरली चार वर्षांची, 16 किलो, उंची 102 सेंमी. गाडी छोटी हॅचबॅक, गणपतीला पुणे ते रत्नागिरी, मागे दोन मुलं आणि मध्ये आजी. आणि दुकानदार म्हणतोय, "नऊ किलो झाले ना, मग आता बाळाचं तोंड पुढे करा. शून्य ते बारा वर्षांची एकच सीट घ्या, पुन्हा खर्च नको." अगदी याच वाक्यावर आमचेही पैसे गेले होते, म्हणून सविस्तर लिहितोय. कार सीट घ्यावी की नाही यात शिरत नाही, ते तुमचं ठरलेलं दिसतंय.

आम्हाला सगळ्यात महागात पडलेली चूक एकच. सीट बाळाच्या वजनाला जुळवून घेतली, गाडीच्या बेल्टला जुळवून पाहिलीच नाही. बेल्ट वीतभर कमी पडला, आणि विक्रेत्याच्या तक्रार विभागाने "खोकं उघडलंय" एवढंच कारण देऊन सीट परत घ्यायला नकार दिला. खोकं न उघडता सीट गाडीत बसते का हे बघायचं कसं, याचं उत्तर तिथे कोणाकडेच नव्हतं. शेवटी त्यांनी "एक्स्टेन्डर लावून घ्या", म्हणजे बेल्ट लांबवणारा जोडपट्टा लावा, असं सुचवलं. ते कृपा करून कधीही करू नका. एक्स्टेन्डरमुळे बकलची जागा बदलते, ताण भलत्या ठिकाणी येतो, आणि त्या जोडणीसह कुठल्याही सीटची चाचणी झालेली नसते.

बेल्ट कमी का पडतो ते सांगतो. मोठं माणूस बसतं तेव्हा बेल्ट मांडीवरून आणि छातीवरून जातो, संपलं. मागे तोंड असलेल्या बेबी सीटला कमरेचा पट्टा सीटच्या दोन्ही बाजूंच्या निळ्या खाचांतून बाळाच्या पायांवरून बकलात जातो, आणि तिरका पट्टा तिथून सीटच्या अख्ख्या पाठीला वळसा घालून दाराजवळच्या खांबाकडे, जिथून बेल्ट बाहेर निघतो तिथे, परत येतो. हा रस्ता बराच लांब आहे. छोट्या गाड्यांत मागच्या बेल्टची लांबी बेताचीच असते. (निळ्या खाचा मागे तोंड असताना, लाल खाचा पुढे तोंड असताना. एकाच सीटवर दोन्ही असतील तर हीच गल्लत सर्रास होते.)

म्हणून पैसे देण्याआधी सीट स्वतःच्या गाडीत लावून बघू देणारं दुकान गाठा. ऑनलाइनशिवाय पर्याय नसेल तर ओळखीत कोणाकडे तीच सीट आहे का बघा आणि सुतळीने माप घ्या. त्यांच्या गाडीत दाराकडच्या बाजूला बेल्टचं खालचं टोक जिथे बोल्टने बसवलंय तिथून सुतळी धरा, निळ्या खाचांतून बकलापर्यंत न्या, बकलातून वळवून सीटच्या पाठीमागून खांबातल्या फटीपर्यंत आणा, गाठ मारा. मग आपल्या गाडीतला बेल्ट पूर्ण बाहेर ओढून त्याच दोन टोकांमधली लांबी मोजा. सुतळीपेक्षा बेल्ट किमान वीतभर जास्त भरला पाहिजे. नेमका जेवढ्यास तेवढा असेल तर पुढची सीट जरा सरकवली किंवा गादीचा उतार वेगळा असला की संपला खेळ.

बेल्ट पुरला तरी बकलकडे बघा. काही गाड्यांत बकलचा दांडा उंच असतो. मग बेल्ट आवळल्यावर बकल खाली गादीलगत न राहता सीटच्या प्लास्टिकच्या कडेवर येऊन आडवं टेकतं. अशी सीट कितीही जोर लावा, घट्ट बसतच नाही, आणि धक्क्यात बकलवर आडवा ताण येतो. लावून झाल्यावर सीटच्या ज्या भागातून बेल्ट जातो तिथे हात धरून डावी-उजवीकडे हलवा. अडीच सेंमीपेक्षा जास्त हलली तर पुन्हा लावा. वरचा शेंडा हलवून बघू नका, मागे तोंड असलेली सीट वरून थोडी हलणारच.

तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये लहान मुलांच्या सीटचा एक तक्ता असतो, तो कोणी वाचत नाही. प्रत्येक आसनासमोर इंग्रजी अक्षरं असतात. यू म्हणजे त्या वजनगटाची युनिव्हर्सल मान्यतेची कुठलीही सीट तिथे चालते. यूएफ म्हणजे युनिव्हर्सल, पण फक्त पुढे तोंड असलेली. एल म्हणजे कंपनीने यादीत दिलेल्याच सीट. एक्स म्हणजे तिथे लावू नका. आधी हा तक्ता बघा, मग दुकानात जा.

शिवाय तुमच्या मॉडेलची ग्लोबल एनकॅप किंवा भारत एनकॅप या गाड्या आपटून सुरक्षा तपासणाऱ्या कार्यक्रमांत चाचणी झाली असेल तर तो अहवाल शोधा. नुसते तारे बघून उपयोग नाही. मुलांच्या सुरक्षेचे गुण वेगळे, 49 पैकी असतात. चाचणीत दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाचे पुतळे बसवतात, आणि ग्लोबल एनकॅपच्या अहवालात कुठल्या सीट वापरल्या त्यांची नावंही दिलेली असतात. तुमच्याच गाडीत आपटून पाहिलेली सीट कुठली, हे यापेक्षा चांगलं कोण सांगणार? काही अहवालांत तीन वर्षांच्या पुतळ्याची सीटसुद्धा मागे तोंड करून लावलेली आहे, हे दुकानदाराला दाखवा.

गाडीत आयसोफिक्स (बेल्टऐवजी गाडीच्या सांगाड्यातल्या बारना सीट अडकवायची सोय) असेल तर बेल्टच्या लांबीचा प्रश्नच सुटतो, म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बाळासाठी आयसोफिक्सच घ्या. पण त्यातही दोन आपल्याकडच्या भानगडी आहेत. एक, शोरूममध्ये शिवून चढवलेली सीट कव्हरं. त्यांच्याखाली आयसोफिक्सचे बार गाडले जातात. पाठ आणि गादीच्या फटीत बोट घाला. साधारण 6 मिमी जाडीचे दोन लोखंडी बार, एकमेकांपासून 28 सेंमीवर, हाताला लागले पाहिजेत. लागत नसतील तर कव्हर तिथे कापून घ्या, शिंपी पाच मिनिटांत शिवून देतो. दुसरी, पायाखाली टाकलेली ती जाडजूड सेव्हन-डी मॅट. सीटला आधाराचा पाय असेल तर तो घट्ट जमिनीवर टेकला पाहिजे. मॅटच्या फोमवर टेकला तरी पाय नीट टेकल्याची हिरवी खूण दिसेल, पण धक्क्यात फोम दबतो आणि सीट पुढे झुकते. त्या जागेपुरती मॅट काढा. जमिनीखाली सामानाचा कप्पा असेल तर त्याच्या झाकणावर पाय अजिबात नको, ते झाकण एवढ्या ताणासाठी केलेलं नसतं.

पुढे तोंड असलेल्या बऱ्याच सीटना पाय नसतो, वरून मागे जाणारा पट्टा, म्हणजे टॉप टेदर असतो. त्याचा हूक गाडीप्रमाणे सीटच्या पाठीमागे किंवा डिकीच्या तळाशी असतो. सामान बांधायच्या कड्यात अडकवू नका. मॅन्युअलमध्ये जहाजाच्या नांगराची खूण असते, तीच जागा खरी.

अमेरिकेतून कोणी सीट पाठवत असेल तर थोडं थांबा. तिकडच्या गाड्यांचे बेल्ट पूर्ण ओढल्यावर कटकट करत लॉक होतात, आपल्याकडचे बहुतेक फक्त झटका बसल्यावर. त्यामुळे तिकडची सीट इथे बेल्टने लावली की हळूहळू सैल होते, सीटलाच बेल्ट पकडणारी कळ असेल तर गोष्ट वेगळी.

आता नऊ किलोची गोष्ट. आर-44 हे जुनं युरोपीय मानक वजनावर चालतं: 13 किलोपर्यंत 0+ गट, 9 ते 18 किलो पहिला गट, 15 ते 25 दुसरा, 22 ते 36 तिसरा. आपलं भारतीय मानक एआयएस-072 याच धर्तीवर आहे. नऊ किलो हा पुढे तोंड करता येण्याचा सगळ्यात खालचा आकडा आहे, पुढे तोंड करायलाच हवं असा त्याचा अर्थ नाही. 9 ते 13 हे वजन दोन्ही गटांत येतं. आर-129 या नव्या मानकात तर 15 महिने पूर्ण होईपर्यंत पुढे तोंड करायला मनाईच आहे. कारण साधं आहे. या वयात डोकं शरीराच्या मानाने जड आणि मानेची हाडं अजून पक्की जुळलेली नसतात. समोरून धडक झाली आणि तोंड पुढे असलं की धड पट्ट्यांनी अडतं आणि डोकं एकटं पुढे फेकलं जातं. तोंड मागे असलं की डोकं, मान, पाठ एकत्र सीटच्या पाठीत दबतात.

तुमचं बाळ 9.2 किलोचं आहे, म्हणजे 0+ सीटमध्ये अजून जवळजवळ चार किलोची जागा आहे. पाय मागच्या सीटला टेकतात ही तक्रार सगळे सांगतात. टेकू द्या, मूल मांडी घालून बसतं. सीट लहान पडली हे पायांवरून नाही, डोक्यावरून ठरतं. टाळू सीटच्या वरच्या कडेच्या अडीच सेंमीच्या आत आली की बदलायची वेळ झाली. आणि पुढच्या आसनावर एअरबॅग चालू असताना मागे तोंड असलेली सीट कधीच नाही, एकदासुद्धा नाही.

"शून्य ते बारा" वाल्या सीटवरचं माझं मत कडक आहे, चालवून घ्या. त्यात एक गोष्ट खोक्यावर बारीक अक्षरांत असते. आर-44 प्रमाणे 18 किलोनंतर त्या सीटचे स्वतःचे पाच पट्टे काढून ठेवायचे आणि मुलाला गाडीच्या तीन-बिंदू बेल्टने बांधायचं. त्यानंतर आयसोफिक्स फक्त सीट डुलू नये म्हणून उरतं. किती घरांत वीस-बावीस किलोची मुलं अजून त्याच पट्ट्यांत दिसतात! तुमची थोरली 16 किलोची आहे, म्हणजे पट्ट्यांत बसवायला अजून दोन किलो हातात आहेत. ते वापरा. बूस्टरची, म्हणजे मुलाला उंच बसवून गाडीचाच बेल्ट लावायच्या सीटची, घाई नको. नंतर घ्याल तो पाठ असलेलाच घ्या. नुसत्या गादीसारख्या बूस्टरला आर-44 मध्ये 2017 पासून नवी मान्यता फक्त 125 सेंमी आणि 22 किलोच्या पुढेच मिळू लागली. बूस्टरमध्ये कमरेचा पट्टा मांडीच्या सांध्यावर हवा, पोटावर नाही. तिरका पट्टा खांद्याच्या मधोमध, गळ्याला लागता कामा नये. गाडीत पाठ टेकवून बसल्यावर गुडघे गादीच्या कडेवर वळतात आणि पट्टा असाच बसतो, साधारण 135 ते 150 सेंमीला, तेव्हाच बूस्टर सुटतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194-बी प्रमाणे 14 वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर 1000 रुपये दंड आहे, पण कायद्याला नुसता बेल्टही चालतो. चार वर्षांच्या मुलीच्या गळ्यावरून जाणाऱ्या बेल्टवर समाधान मानू नका.

मान्यतेची खूण खोक्यावर नाही, सीटच्या सांगाड्यावर शोधा. आर-44 ची असेल तर नारिंगी लेबल, वजनाचा पल्ला, गोलात ई आणि देशाचा आकडा, आणि 04 ने सुरू होणारा क्रमांक. जाहिरातीत "सर्टिफाइड" आणि सीटवर काहीच नाही, अशा सीट भरपूर आहेत. आणि हेडरेस्टला बांधायच्या त्या कापडी जाकीटवजा सीट, मूल कितीही खुशीत बसत असलं तरी, घेऊ नका. उभ्या गाडीत मूल सरळ बसतं, एवढंच त्यांचं काम.

आजींचं काय? मागच्या बाकाची रुंदी गादीच्या पातळीवर दारापासून दारापर्यंत मोजा. दोन सीट प्रत्येकी साधारण 44 सेंमी धरा. उरलेली जागा 40 सेंमीच्या आत असेल तर मध्ये बसणाऱ्याला घाट संपेपर्यंत एका कुल्ल्यावर बसावं लागेल, आणि त्यात थोरलीच्या सीटचं बकल दाबलं जाईल ते वेगळंच. आजींना पुढे बसवा, मध्ये तुमच्यापैकी जो बारीक असेल तो. बाळाची सीट मागे तोंड असल्याने तिच्या पुढचं आसन सरकवावं लागतं. ड्रायव्हर उंच असेल तर ती डावीकडे लावा. आजींच्या गुडघ्यांना त्रास होत असेल तर उलट करून एकदा घरीच बसून बघा. मधल्या आसनाला फक्त कमरेचा बेल्ट असेल तर तिथे बूस्टर कधीच चालत नाही.

प्रवासात दर दीड-दोन तासांनी बाळाला बाहेर काढा, झोपलेलं असलं तरी. रेनकोट, स्वेटर काढून मगच पट्टे आवळा. खांद्याजवळ पट्ट्याची चिमटी येत असेल तर सैल आहे. मागे तोंड असताना पट्टे खांद्याच्या पातळीला किंवा खालून निघाले पाहिजेत, पुढे तोंड असताना पातळीला किंवा वरून. घाटात ओकारी होणारच. कव्हर मशीनमध्ये टाका, पण पट्टे नाही. ते ओल्या फडक्याने, फार तर साध्या साबणाच्या पाण्याने पुसा. ब्लीच किंवा कडक पावडरने पट्ट्याचा धागा कमजोर होतो. बकलात बिस्किटाचा चुरा गेला की "क्लिक" ऐकू येत नाही. कोमट पाणी आतून सोडा, वाळू द्या, तेल मुळीच घालू नका.

मी डॉक्टर नाही. बाळ मुदतीआधी जन्मलेलं असेल किंवा श्वासाचा काही त्रास असेल तर सीट किती कललेली हवी हे बालरोगतज्ज्ञांना विचारा. आणि माझ्या सल्ल्यात आणि सीटच्या मॅन्युअलमध्ये फरक दिसला तर मॅन्युअलचं ऐका. आत्ता गाडीच्या मॅन्युअलमधल्या त्या तक्त्याचा, आणि मागच्या डाव्या बाजूच्या बकलचा बाजूने काढलेला फोटो इथे टाका. बकलचा दांडा किती उंच आहे ते दिसलं की कुठली सीट टाळायची हे तरी नक्की सांगता येईल.