देवावर रागावलं तर चालतं का? वाचकांचे प्रश्न, पाळकांची उत्तरं

या वेळी आलेल्या पत्रांत आणि फोनवरच्या निरोपांत दुःखाचेच प्रश्न जास्त होते. त्यातले पाच घेतले आहेत. नावं गाळली आहेत, भाग तेवढा ठेवला आहे.

पाळकसाहेब, जय ख्रिस्त. माझा मुलगा बावीस वर्षांचा होता. कामावरून येताना हायवेवर मोटारसायकलच्या अपघातात गेला. वर्ष होत आलं. भेटायला येणारे म्हणतात, “देवाची इच्छा”, “चांगली फुलं देव आधी नेतो”, “या दुःखातून तुमचा विश्वास वाढेल बघा.” माझा काही वाढला नाही. प्रार्थनेला बसले की मी देवाशी भांडते. हे पाप आहे का?
*एक आई, खानापूर तालुका*

अक्का, हे पाप नाही. जो नाहीच किंवा ज्याला ऐकूच येत नाही, त्याच्याशी कुणी भांडत बसत नाही. तुम्ही रोज त्याच्यासमोर बसता आणि त्याला जाब विचारता, म्हणजे तुम्ही त्याला सोडलेलं नाही.

पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, दीडशे स्तोत्रं काढून बघा. त्यात स्तुती आहे, तशी गाऱ्हाणीही भरपूर आहेत. बहुतेक गाऱ्हाणी शेवटी शेवटी देवाच्या उपकारांकडे वळतात. ८८वं स्तोत्र मात्र वळत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं. आपल्या पूर्वजांनी ते काढून टाकलं नाही की त्याला गोड शेवट जोडला नाही. प्रार्थना म्हणून तसंच आपल्या हातात दिलं. वधस्तंभावर प्रभूच्या तोंडी जे शब्द आले, “माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?”, तेही २२व्या स्तोत्रातलं गाऱ्हाणंच आहे.

बायबलमधल्या ईयोबावर संकटांवर संकटं कोसळली, तेव्हा त्याला भेटायला तीन मित्र आले. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम तेवढंच. नंतर त्यांनी तोंड उघडलं आणि देवाची बाजू मांडायला सुरुवात केली. शेवटी देव रागावला तो भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे, या मित्रांवर. माझ्याविषयी ईयोब जसं बरोबर बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं त्यानं त्यांना सांगितलं. तुमच्या घरी येणाऱ्यांनी हा भाग एकदा वाचावा.

ते फुलांचं बोलणंही मला मान्य नाही. देव कुणाच्या अंगणातली फुलं खुडत हिंडत नाही. आपल्या मेलेल्या मित्राच्या, लाजाराच्या कबरेपाशी येशू गेला, तेव्हा थोड्याच वेळात आपण त्याला उठवणार आहोत हे त्याला ठाऊक होतं. तरी तो रडला. मार्था आणि मरिया दोघींनी त्याला बोल लावला होता, “तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता.” तो दोघींपैकी कुणावरही रागावला नाही.

आता वाढीबद्दल. दुःखातून धीर, धीरातून शील आणि शिलातून आशा, असं प्रेषित पौल रोमच्या विश्वासणाऱ्यांना पत्रात लिहितो, आणि ते खरं आहे. पण तो हे स्वतःच्या जखमांवरून लिहितो, दुसऱ्याच्या अंत्यविधीला उभा राहून नव्हे. तुम्ही भातशेतीच्या भागातल्या. लावणी झाल्यावर रोप आधी पिवळं पडतं, हे तुम्ही मला शिकवावं. त्या दिवसांत बांधावर उभं राहून “काय जोमदार पीक आहे” असं कुणी म्हणत नाही. रोप जगलं तरी पुष्कळ. तुमचे हे तसे दिवस आहेत, आणि ते किती लांबावेत हे कुणी दुसऱ्यानं ठरवायचं नाही.

प्रार्थनेला शब्द सुचत नसतील तर ८८वं स्तोत्र मोठ्यानं वाचा आणि तिथंच थांबा. वर्षाच्या प्रार्थनेला पाळकांना आधीच सांगून ठेवा की संदेश नको, मुलाचं नाव घ्या आणि त्याच्या चार आठवणी सांगा. आणि अक्का, जेवण तुटलं असेल, झोप गेली असेल, जगू नये असं वाटत असेल, तर डॉक्टरांना सांगा. १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, फोन फुकट आहे आणि मराठीतही बोलता येतं.

मी निपाणीत विड्या वळते. टीबीच्या गोळ्या चालू होऊन दोन महिने झाले. बाहेरून आलेल्या एका प्रचारकांनी सभेत डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “बरी झालीस, आता गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास.” मला बरंही वाटतंय. काय करू?

मावशी, आजची गोळी चुकवू नका, उद्याचीही नको. साध्या टीबीचा कोर्ससुद्धा निदान सहा महिन्यांचा असतो. दोन महिन्यांत बरं वाटतं ते गोळ्यांमुळे, आणि जंतू अजून आत असतात. मध्येच सोडल्या तर त्याच गोळ्या पुढं लागू पडत नाहीत आणि उपचार आणखी लांब, आणखी जड होतो. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट आहेत. उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये खात्यावर जमा होतात. ते मिळत नसतील तर तिथंच विचारा.

पौलाचा जिवाभावाचा सोबती लूक वैद्य होता. त्याचा शिष्य तीमथ्य याला पोटाचा त्रास होता तर पौलानं त्याला औषध म्हणून थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. त्रफिम या सोबत्याला त्यानं मिलेत गावात आजारी सोडलं आणि तसं पत्रात सरळ लिहिलं. त्याचा विश्वास कमी पडला, असं एका शब्दानं म्हटलं नाही. आपल्या भागातले लोक अजूनही ज्या मिरजेला धावतात, तिथला मिशन दवाखाना वान्लेस डॉक्टरांनी १८९४ साली उघडला. तेही प्रभूचेच सेवक होते. तुमच्यासाठी तेल लावून प्रार्थना करायला मंडळीचे, म्हणजे चर्चचे, वडीलधारे जरूर येतील. गोळी घेऊन झाल्यावर प्रार्थना करू.

२०१९च्या ऑगस्टात दूधगंगेचं पाणी घरात शिरलं. भिंत पडली, म्हैस गेली, ऊस कुजला. कर्ज काढून पुन्हा उभे राहिलो, पण पाऊस लागला की अजून छातीत धडधडतं. वडील म्हणतात घराण्यात कुणाचं तरी पाप आहे. भावकी म्हणते, येशूच्या मागं लागलात म्हणून हे झालं. खरं काय?
*चिकोडी तालुका*

दादा, दोन्ही खरं नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा लोकांच्या मनात हेच आलं होतं. प्रभूनं विचारलं, यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा ते अठरा जास्त पापी होते असं तुम्हाला वाटतं का? आणि स्वतःच उत्तर दिलं, नाही. जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी विचारलं, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापाचं? तिथंही तो म्हणाला, याचंही नाही आणि आईबापाचंही नाही. सह्याद्रीत पाऊस कोसळला, धरणं भरली, नद्या पात्राबाहेर आल्या. तुमच्या गल्लीत पाणी कुणाकुणाच्या घरात गेलं ते आठवा, म्हणजे वडिलांना आणि भावकीला एकाच वेळी उत्तर मिळेल.

धडधड मात्र खरी आहे, आणि “विश्वास ठेव, भिऊ नको” एवढं म्हणून ती जात नाही. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे आकाशातून पडणारं अन्न, मिळायचा तो त्या दिवसापुरता. उद्यासाठी साठवला त्यात किडे पडले. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत आपण हेच मागतो, “आमची रोजची भाकर आज आम्हाला दे.” धीरही त्याच हिशेबानं मिळतो असा माझा अनुभव आहे. पुढच्या जुलैचा धीर आज मागून मिळत नाही. आज रात्रीचा मिळतो.

याचा अर्थ तयारी करू नये असा नाही. देवावर पूर्ण विसंबलेल्या योसेफानंच मिसरात सात वर्षं धान्याची कोठारं भरून ठेवली होती. कागदपत्रं प्लास्टिकमध्ये बांधून उंचावर ठेवा, जनावरं कुठं हलवायची ते आधी ठरवा, आणि मग झोपा.

आणखी एक सांगावंसं वाटतं. पंडिता रमाबाई १८५८ साली आजच्या कर्नाटकातल्याच घाटात जन्मल्या. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण गेले, पुढं भाऊ गेला, नवरा गेला. त्या दुष्काळाचं कारण देवानं त्यांना समजावून सांगितल्याचं मी कुठं वाचलेलं नाही. पण १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा त्या स्वतः तिकडं गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्या मुलींचं घर केडगावात झालं. उपाशी पोट कसं असतं हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. २०१९ नंतर दुसऱ्याच्या घरात पाणी शिरल्याची बातमी आली की तुम्ही काय करता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे की ट्रॅक्टर घेऊन पहिले तुम्हीच निघता.

लग्नाला नऊ वर्षं झाली. नवरा दारू पिऊन मारतो. दोनदा टाके पडले. मंडळीतल्या मोठ्या बायका म्हणतात, प्रत्येकाला आपला क्रूस असतो, सोस, प्रभू तुझं सोनं करील.
*बेळगाव तालुका*

बाळा, नवऱ्याची मारहाण हा तुझा क्रूस नाही. माझ्यामागं यायचं असेल त्यानं आपला वधस्तंभ उचलावा, असं प्रभू म्हणाला. तो आपण होऊन उचलायचा असतो आणि प्रभूच्या मागं जाण्यासाठी उचलायचा असतो. दारूच्या नशेत कुणी दुसऱ्याच्या पाठीवर मारलेला तो नव्हे.

पौलानं सुवार्तेसाठी फटके खाल्ले. पण दिमिष्कात जीव घ्यायला लोक टपले, तेव्हा तो टोपलीत बसून गावकुसावरून खाली उतरला. यरुशलेमेत त्याला फटक्यांसाठी ताणून बांधलं, तेव्हा त्यानं कायदा काढला, रोमी नागरिकाला चौकशीवाचून फटके मारायची तुम्हाला मोकळीक आहे का? जीव वाचवण्यात अविश्वास नाही, कायदा वापरण्यातही नाही. क्षमा ही तुझी आणि प्रभूची गोष्ट आहे, तिला वेळ लागला तरी चालेल. त्याच छपराखाली राहणं ही क्षमेची अट नाही.

२००५चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा तुझ्यासाठी आहे. टाक्यांचे दवाखान्याचे कागद जपून ठेव. अंगावर आला तर ११२ लाव, सल्ल्यासाठी आणि आसऱ्यासाठी १८१. मुलांना घेऊन माहेरी किंवा विश्वासाच्या घरी जा.

मंडळीतल्या बायकांनाही मला बोलायचं आहे. याच बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५७ साली विधवांच्या हालांवर कादंबरी लिहिली. त्यांच्या विश्वासानं त्यांना बाईचं दुःख बघायला शिकवलं, त्यावर वचन टाकून ते झाकायला नव्हे. माझ्या सेवेच्या पहिल्या वर्षांत अशीच एक बाई माझ्याकडं आली होती. मी तिला सांगितलं, घरी जा, प्रार्थना कर. ती गेली. त्या सल्ल्याची क्षमा मी अजून मागतो.

मी निवृत्त शिक्षक, वय ७४. पॅरालिसिसनं उजवी बाजू गेली. सून आंघोळ घालते, घास भरवते. आयुष्यभर कुणाचे चार आणे ठेवले नाहीत, आता सगळ्यांना ओझं झालो. या अवस्थेत आध्यात्मिक वाढ ती कसली?
*बेळगाव*

गुरुजी, साठीत माझ्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि चार महिने मी पाठीवर होतो. “माझी कृपा तुला पुरे आहे, कारण अशक्तपणातच माझी शक्ती पूर्णतेस येते” या वचनावर तोवर मी किती संदेश दिले असतील, मोजदाद नाही. मंडळीतला एक पोरगा उद्यमबागेतल्या फाउंड्रीत रात्रपाळी करायचा. सकाळी घरी जाण्याआधी तो माझी दाढी करायला यायचा. पहिल्या दिवशी मी म्हणालो, नको. दुसऱ्या दिवशीही नको. मला वाटलं ही माझी नम्रता, त्याला झोपेची गरज आहे. तिसऱ्या दिवशी तो काही न बोलता खुर्ची ओढून बसला, साबण लावू लागला, आणि मला प्रभूचा शिष्य पेत्र आठवला. प्रभू त्याचे पाय धुवायला आला, तेव्हा तो म्हणाला होता, “तुम्ही माझे पाय कधीही धुवायचे नाहीत.” पेत्राचा तो नकार मी नेहमी नम्रता म्हणून शिकवला होता. त्या खुर्चीसमोर कळलं की त्यात अहंकार होता. देणारा हात माझाच असला पाहिजे, हा तो अहंकार.

मग मी शुभवर्तमानातला दुःखसहनाचा भाग नव्या डोळ्यांनी वाचला. गेथशेमाने बागेपर्यंत प्रभू सगळं स्वतः करतो. चालतो, शिकवतो, बरं करतो, भाकरी मोडतो. बागेनंतर त्याला बांधतात, नेतात, कपडे उतरवतात, खिळतात. शेवटी तो म्हणतो, “मला तहान लागली आहे.” समुद्र निर्माण करणारा पाणी मागतो, आणि कुणीतरी बोळा भिजवून त्याच्या ओठांशी धरतो. आपलं तारण त्यानं बऱ्या केलेल्या आजाऱ्यांच्या यादीत नाही, या हात बांधलेल्या तासांत आहे. तुम्ही आता जिथं आहात तिथं तो जाऊन आला आहे.

पेत्रालाही त्यानं पुढचं सांगून ठेवलं होतं. तरुण होतास तेव्हा स्वतः कंबर बांधून वाटेल तिथं जायचास, म्हातारा झालास की हात लांब करशील आणि दुसरा तुझी कंबर बांधील. आणि लगेच म्हणाला, माझ्यामागे ये. म्हणजे हात लांब करणं हेही मागे जाणंच आहे. पौलाला शरीरात एक त्रास होता, त्याला तो काटा म्हणतो; तो निघावा म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली, काटा निघाला नाही. तुमचा हात परत चालेल की नाही हे मला सांगता येत नाही. फिजिओथेरपी सोडू नका.

सुनेसमोर रोज “तुला त्रास देतो” म्हणणं बंद करा. त्या वाक्यानं तिला रोज तुमची समजूत काढावी लागते, ते आणखी एक काम. पाणी गार असेल तर गार आहे म्हणून सांगा. तिच्या डोक्यावर डावा हात ठेवून आशीर्वाद द्या, तो हात अजून चालतो. पत्रावर तुमचा फोन नंबर होता म्हणून एक गोष्ट मी परस्पर ठरवली आहे. तिला आठवड्यातून एक दुपार मोकळी मिळावी म्हणून मंडळीतले दोघे बुधवारी दोन वाजता तुमच्याकडं येतील. त्यातला एक तो फाउंड्रीतला पोरगा आहे, आता त्याचे केस पिकले आहेत. त्याला नको म्हणू नका.