नाणं टाकून चालणारी जुनी मशिनं इतकी दुर्मीळ का? मला एक मिळतंय, घेऊ का आणि कितीला?

घ्या. फक्त रंग देऊ नका.

ठाणे स्टेशनवरचा, दिवे लुकलुकणारा वजनकाटा आठवत असेलच. तसाच एक मला शीळफाट्याच्या भंगारवाल्याकडे आडवा पडलेला दिसला. किलोच्या भावाने उचलला, टेम्पोत घालून खोपटला घरी आणला. आईने दोन दिवस अबोला धरला. तीन रविवार खपून मी चकती फिरती केली. १९९२ नंतरचा स्टीलचा मोठा रुपया टाकला की आत खटका पडायचा. २०११ चा टाकला की तसाच खाली घरंगळायचा. जुना २५ मिलिमीटरचा, नवा जेमतेम २२ चा. काट्याच्या लेखी तो रुपयाच नाही.

मशिनं अशीच मरतात. बिघडतात कमी, नाणं बदललं की अडतात जास्त. ब्रिटनमध्ये १९७१ साली जुनी पेनी गेली, तिच्यावर चालणाऱ्या मशिनांचंही तेच झालं. अडलेलं लोखंड कोण सांभाळतो? म्हणून जी वाचली त्यांत मूळ नाणं घेणारं यंत्र शाबूत असेल, तर संग्राहक मान वर करून बघतात.

आता आमचं. मी आठवडाभर कोल्हापूरला गेलो. परतलो तर दादाने काट्याला लालभडक ऑइलपेंट मारलेला, नाण्याची फट लांबी (पुट्टी) भरून बुजवलेली आणि शेजारी दारावरच्या बेलचं बटण! "पोरांना जुने रुपये कुठून आणून द्यायचे?" आत पुठ्ठ्याच्या तिकिटांचं अख्खं बंडल होतं, नटनट्यांचे फोटो आणि भविष्य छापलेलं. ते रद्दीत. पुढे मुलुंडचे एक संग्राहक बघायला आले. बटण दाबलं, चहा घेतला, निघून गेले. दादा आजही म्हणतो, "चालू तर केलं ना मी?" दादा, चालू ते आधीच होतं.

तर गंज चालेल, पोपडे चालतील, फुटकी काच चालेल. बुजवलेली फट नको.

हो, एक राहिलंच. विकणारा 'अँटिक' म्हणून भाव चढवत असेल तर ऐकू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात साधारण शंभर वर्षांची अट आहे, आपल्या आठवणीतले काटे त्यात बसत नाहीत. आणि माझा अनुभव एकाच काट्याचा, च्युइंगगमच्या वगैरे मशिनांना मी हात लावलेला नाही.

कितीला ते तिथे उभं राहूनच ठरेल. जाताना खिशात प्रत्येक जातीचा जुना रुपया ठेवा, चाराणे-आठाणेही. एखाद्यावर खटका पडला तर फार घासाघीस करू नका.