मानुक, बुरुंग आणि देवतांचा पक्षी

प्रश्न असा आला आहे : ‘मलय भाषेत पक्ष्याला मानुक म्हणतात आणि तो शब्द आपल्या मनूवरून गेला, हे खरं का?’

नाही. मलयमध्ये पक्षी म्हणजे बुरुंग. मानुक जावानी भाषेतला. आणि मनूचा इथे काडीचाही संबंध नाही. आग्नेय आशियातला ओळखीचा वाटणारा शब्द दिसला की त्याला संस्कृतचं कुंकू लावायची ही खोड आता अगदी असह्य झाली आहे. या सगळ्या एकाच, ऑस्ट्रोनेशियन कुळातल्या भाषा : हाच मानुक फिलिपिन्समध्ये तागालोगात मनोक होतो, पॅसिफिकमध्ये माओरी आणि हवाईयन भाषांत मनू. तिथवर संस्कृत कोण घेऊन गेलं होतं? बुरुंगही तसाच जुना, त्याचा भाऊ मादागास्करला वूरुना म्हणून नांदतो.

तागालोगातल्या मनोकचा अर्थ मात्र पक्षी नाही, कोंबडी. पक्ष्याला ते इबोन म्हणतात. या भाषाकुळाचे तुलनात्मक कोशकार यावरून मूळ अर्थच ‘कोंबडी’ धरतात आणि पक्ष्यासाठी त्याची द्विरुक्ती, मानु-मानुक. मला हे मुळीच पटत नाही. फारसीत मुर्ग म्हणजे पक्षी. तोच आपल्याकडे येईपर्यंत खुराड्यात शिरून मुर्गी झाला. रोज दारात दिसणारा पक्षी जातीचं नाव बळकावतो, असंच मानुकचंही झालं असणार. कोशकारांनी एकदा अंगणात डोकावून बघावं.

पण खरी गंमत पुढे आहे. मॅगेलानच्या मोहिमेतली जहाजं 1521 मध्ये मसाल्याच्या बेटांवर, म्हणजे आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवर, पोचली. त्यांतल्या बाचान बेटाच्या राजाने स्पेनच्या राजासाठी दोन मेलेले, अतिशय सुंदर पक्षी भेट दिले; आज आपण त्यांना स्वर्गीय पक्षी (बर्ड ऑफ पॅरडाइज) म्हणतो. जहाजावरच्या पिगाफेत्ताने त्यांचं नाव टिपलं ‘बोलोन दिउआता’. परत आलेल्या खलाशांना विचारून स्पेनच्या दरबारातल्या माक्सिमिलियानुस ट्रान्सिल्वानुसने लिहिलं ‘मामुको दियाता’. मोहीम एकच, पक्षी तेच, नावं दोन! जरा कान देऊन ऐका : बुरुंग देवाता आणि मानुक देवाता. देवतांचा पक्षी. माझं मत असं की त्या बंदरांत दोन्ही शब्द सर्रास चालत असणार. एकाने एक ऐकला, दुसऱ्याच्या कानी दुसरा पडला. दोन्ही लेखकांचे उच्चार वेडेवाकडे आहेत म्हणून काही अभ्यासक यातलं एक रूप चूक ठरवतात. तो आळस आहे. बोलोनमध्ये बुरुंग स्वच्छ ऐकू येतो.

आता बघा, संस्कृत आहे ते ‘देवाता’त, आपल्या देवतेत. ज्यांना मानुकमध्ये मनू दिसतो त्यांना शेजारी बसलेली देवता दिसत नाही, याचा मला खरोखर राग येतो.

मामुकोचं पुढे युरोपात मानुकोदियाता झालं. व्यापारी या पक्ष्यांची कातडी पाय कापून विकत, म्हणून हे पक्षी कधी जमिनीवर उतरतच नाहीत अशी समजूत पसरली. पिगाफेत्ताने तर त्यांचे पाय वेताच्या काडीसारखे बारीक असल्याचं स्वच्छ लिहून ठेवलं होतं! तरीही प्राण्यांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये एका जातीला ‘आपोडा’, म्हणजे बिनपायाचा, हेच नाव दिलं. त्याच कुळातल्या काळ्या, चकचकीत पक्ष्यांच्या एका प्रजातीला शास्त्रात आजही मानुकोडिया म्हणतात. त्यातला ‘मानुक’ जावानी आणि ‘डिया’ म्हणजे देवतेचा उरलेला तुकडा.