कार्ड गेलं, पैसे गेले, आता आधी काय करायचं?

प्रश्न : ताई, आमचे अण्णा रिटायर शिक्षक, वय ७४. शुक्रवारी एटीएममधून पेन्शन काढायला गेले, कार्ड नीट आत जाईना तर मागच्या पोराने "काका द्या, मी करून देतो" म्हणत मदत केली, पैसे निघाले, कार्ड परत दिलं. सोमवारी पासबुक भरलं तेव्हा कळलं की ४२ हजार गेलेत आणि खिशातलं कार्ड दुसऱ्याच कुणाचंतरी आहे. मेसेज आले होते पण अण्णा फोन बघत नाहीत. बँकेत म्हणाले पिन तुम्हीच दाखवलात, आता काही होत नाही. अण्णा दोन दिवस नीट जेवले नाहीयेत. खरंच काही होत नाही का? (एक वाचक, बार्शी)

उत्तर : आधी अण्णांना सांगा की चोरी त्या पोराने केलीय, त्यांनी नाही. ही कार्ड अदलाबदल करणारी माणसं हेच काम रोज करतात, पिन दाबताना बोटांकडे बघतात आणि त्याच बँकेचं तसंच दिसणारं कार्ड हातात ठेवतात, भल्याभल्यांना कळत नाही.

कार्ड ब्लॉक केलंत का ते तुम्ही लिहिलंच नाहीये! केलं नसेल तर हे वाचणं थांबवा आणि बँकेच्या अॅपवरून नाहीतर हेल्पलाइनला फोन करून आत्ता करा, शाखा उघडायची वाट बघू नका. मग १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. चोराने एटीएममधून रोख काढली असेल तर ती मिळणं अवघड, पण दुकानात स्वाइप केलं असेल किंवा दुसऱ्या खात्यात टाकले असतील तर ते पैसे तिथेच थांबवता येतात, म्हणून एकेक तास महत्त्वाचा.

आता बँकेचं "काही होत नाही". असं तोंडी ऐकून परत यायचं नाही. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम आहे, त्यात ग्राहकाने निष्काळजीपणा केला हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे, तुमच्यावर नाही. चूक ना बँकेची ना तुमची असेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळवलं तर तुमचं नुकसान शून्य, ४ ते ७ दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १० हजार. सोमवारीच बँकेला कळवलं असेल तर तुम्ही मुदतीत आहात, पण शाखेत नुसतं बोलून आलात तर ते कुठे नोंदलं जात नाही, म्हणून लेखी अर्ज द्या, पोच घ्या, तक्रार नंबर घ्या. त्याच अर्जात लिहा की त्या एटीएमचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा, कारण ते कायमचं राहत नाही. पोलिसातही तक्रार द्या.

खोटी आशा मात्र दाखवणार नाही. बँक म्हणणार पिन दिसू दिला हाच निष्काळजीपणा, आणि तो ठरला तर कळवण्याआधीचं नुकसान तुमच्याकडेच राहतं. कळवल्यानंतर एक रुपया जरी गेला तरी तो बँकेचा. तुम्ही म्हणायचं की पिन दिला नाही, चोरून बघितला, आणि फुटेजमध्ये ते दिसेल. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा नकार आला तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा, फी नाही, वकील लागत नाही, १४४४८ वर माहिती मिळते.

नवीन कार्ड आलं की रोजची काढायची मर्यादा अण्णांच्या गरजेइतकीच ठेवा, आणि त्यांचे मेसेज तुमच्याही फोनवर येतील असं बघा.

प्रश्न : लोकलच्या गर्दीत कुणी मशीन पर्सला लावून पैसे काढू शकतं का? माझं कार्ड टॅपवालं आहे. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : मशीन कार्डच्या अगदी जवळ, काही सेंटीमीटरवर आणावं लागतं आणि ते बँकेने कुणाच्यातरी नावावर दिलेलं असतं, पैसे त्याच्या खात्यात जातात, त्यामुळे चोराला ते परवडत नाही. खरी भीती पर्स हरवण्याची, कारण ५ हजारांपर्यंत टॅपला पिन लागत नाही आणि सापडलेलं कार्ड कुणीही चार दुकानांत टेकवू शकतो. अॅपमध्ये टॅपचं बटण असतं, वापरत नसाल तर बंद करा. २०२० पासून नवीन कार्डावर टॅप, ऑनलाइन आणि परदेशातले व्यवहार आपण चालू केल्याशिवाय चालू नसतात, पण कधीतरी एखाद्या खरेदीसाठी चालू केलेले तसेच राहून जातात, तेही बघून घ्या.

प्रश्न : ओटीपी कुणालाच दिला नाही तरी क्रेडिट कार्डवर डॉलरमधला खर्च कसा आला? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : परदेशातल्या बऱ्याच वेबसाईट ओटीपी मागतच नाहीत, कार्ड नंबर, तारीख आणि मागचे तीन आकडे पुरतात. आधी कार्ड ब्लॉक, लगेच लेखी तक्रार, आणि नवीन कार्डावर परदेशी व्यवहार बंदच ठेवा, प्रवासाला जाताना उघडा, परत आलात की लगेच बंद करा.