वाचकांचे प्रश्न : विकीवर कोणाला किती मोकळीक?

या वेळी टपालात मीडियाविकीबद्दलचे प्रश्न इतके जमले की अख्खे सदर त्यालाच द्यावे लागले. विकिपीडिया ज्यावर चालतो तेच हे मुक्त सॉफ्टवेअर. आता ग्रंथालये, सोसायट्या आणि छोट्या कचेऱ्याही ते आपापल्या सर्व्हरवर चालवतात. एक सूचना आधीच : सेटिंगची नावे इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. लोकलसेटिंग्ज या फाइलमध्ये ती रोमन अक्षरांत, लहानमोठी अक्षरे जशीच्या तशी ठेवून लिहायची असतात आणि प्रत्येक नावाआधी डॉलरचे चिन्ह व डब्ल्यूजी ही अक्षरे येतात. फाइलला हात लावण्याआधी तिची प्रत काढून ठेवा. एखादा अर्धविराम राहिला तरी अख्खी विकी कोऱ्या पानावर येते.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने विकी सुरू केली आहे. फक्त ठरावीक सहा-सात जणांनीच संपादन करावे म्हणून तारांकन गटाचे संपादन बंद केले. तरी नोंदणी केलेला कोणीही विद्यार्थी लिहू शकतो. मग ‘यूजर’ गटाचेही बंद केले, तर आता प्रचालकालाच (विकीची व्यवस्था पाहणाऱ्यालाच) पान बदलता येत नाही! — ग्रंथपाल, सांगली

दोन्ही गोष्टी एकाच कारणाने घडल्या आहेत. मीडियाविकीत अधिकारांची फक्त बेरीज होते, वजाबाकी होत नाही. एक खाते एकाच वेळी अनेक गटांत असते. तारांकन म्हणजे ‘सगळे’, त्यात नोंदणी न केलेले आणि केलेले दोन्ही आले. ‘यूजर’ म्हणजे लॉगिन केलेला प्रत्येक जण. त्यावर ‘ऑटोकन्फर्म्ड’ म्हणजे थोडे मुरलेले सदस्य, ‘सिसॉप’ म्हणजे प्रचालक, ‘ब्युरोक्रॅट’ म्हणजे इतरांना गटांत घेणारे-काढणारे, वगैरे. यांपैकी एका जरी गटाने अधिकार दिला असेल तर तो त्या खात्याला मिळतो. ग्रुपपरमिशन्स या सेटिंगमध्ये एखाद्या गटापुढे ‘फॉल्स’ लिहिले की त्याचा अर्थ ‘हा गट हा अधिकार देत नाही’ एवढाच. ‘या माणसाला मनाई आहे’ असा त्याचा अर्थ होत नाही. तुम्ही तारांकनाचे संपादन काढलेत, पण ‘यूजर’ गटाकडे ते मुळातच स्वतंत्रपणे दिलेले असते, म्हणून विद्यार्थी लिहीत राहिले.

प्रचालकाचे काय झाले? त्याच्या गटाच्या यादीत पान काढून टाकणे, सुरक्षित करणे, खाते ब्लॉक करणे असे बरेच काही आहे. साधे ‘एडिट’ मात्र नाही. प्रचालकालाही ते आजवर ‘यूजर’ गटातूनच मिळत होते. तो झरा तुम्ही बंद केलात.

उपाय असा. तारांकन आणि ‘यूजर’ या दोन्ही गटांच्या ‘एडिट’पुढे फॉल्स ठेवा. मग ‘एडिटर’ नावाच्या गटाला ‘एडिट’ ट्रू द्या. गट वेगळा ‘तयार’ करावा लागत नाही, ग्रुपपरमिशन्सच्या ओळीत त्याचे नाव प्रथम आले की तो अस्तित्वात येतो. पुढची ओळ सिसॉपसाठी : ‘एडिट’ ट्रू. बॉट (आपोआप संपादन करणारा प्रोग्रॅम) चालवत असाल तर आणखी एक ओळ त्याच्या गटासाठी, नाहीतर रात्रीचे आपोआप होणारे काम गुपचूप थांबते आणि आठवड्याने लक्षात येते. फाइल जतन केल्यावर ‘लिस्टग्रुपराइट्स’ हे विशेष पृष्ठ उघडून प्रत्येक गटापुढे काय दिसते ते पाहा. सेटिंग खरोखर लागू झाली की नाही हे तिथेच कळते. एकच ओळ फाइलमध्ये वर आणि खाली दोनदा असेल तर खालची चालते. जुन्या फाइलींत हा गोंधळ फार आढळतो.

खरोखरची मनाई हवी असेल तर रिव्होकपरमिशन्स ही वेगळी सेटिंग आहे. समजा, उपद्रवी खात्यांसाठी एक गट केला आणि त्या गटाकडून ‘अपलोड’ काढून घ्यायचे आहे, तर तिथे ‘ट्रू’ लिहायचे. ‘होय, काढून घ्या’ अशा अर्थाने. सवयीने फॉल्स लिहिले तर काहीच घडत नाही. ही मनाई बाकी सगळ्या गटांवर मात करते, म्हणून प्रचालकाला चुकूनही त्या गटात टाकू नका.

आणि नोंदणी सर्वांना खुली ठेवण्याचे कारण उरले नसेल तर तारांकनाचा ‘क्रिएटअकाउंट’ही बंद करा, नाहीतर जाहिरातबाजांची रिकामी खाती साचत जातील. प्रचालकाकडे तो अधिकार वेगळा असतोच. तो खाते उघडून देईल आणि तात्पुरता पासवर्ड सदस्याला ईमेलने जाईल, अर्थात सर्व्हरवरून ईमेल जाण्याची सोय असेल तर.

प्रश्न : पान ‘ऑटोकन्फर्म्ड’ पातळीवर सुरक्षित केले, तरी पाच मिनिटांपूर्वी उघडलेल्या खात्यातून त्यात बदल झाला. असे कसे? — प्राध्यापिका, कोल्हापूर

कारण नव्या विकीवर ऑटोकन्फर्मएज आणि ऑटोकन्फर्मकाउंट हे दोन्ही आकडे शून्य असतात. म्हणजे खाते उघडल्या क्षणीच सदस्य ‘मुरलेला’ ठरतो. इंग्रजी विकिपीडियावर ही अट 4 दिवस आणि 10 संपादने अशी आहे. तुम्हाला तेवढीच हवी असेल तर पहिला आकडा सेकंदांत द्या : 345600. दुसरा 10. हा गट कुठे नोंदवलेला नसतो, प्रत्येक वेळी हिशेब करून ठरतो. त्यामुळे आकडा बदलताच तो जुन्या खात्यांनाही लागू होतो.

प्रश्न : सोसायटीच्या विकीवर कार्यकारिणीची इतिवृत्ते ठेवली आहेत. ती फक्त कार्यकारिणीलाच दिसावीत, बाकीची विकी सर्व सभासदांना. कोणती सेटिंग करू? — मानद सचिव, ठाणे

अशी भरवशाची सेटिंग नाही, आणि ती शोधत बसू नका. मीडियाविकी ‘वाचायचे सगळ्यांनी, लिहायचे काहींनी’ या धर्तीवर बांधलेले आहे. पानागणिक वाचन रोखणे त्याच्या मूळ रचनेत नाही. ‘लॉकडाउन’सारखी जोडणी (एक्स्टेन्शन) दर्शनी दार लावते, पण मजकूर मागच्या वाटांनी बाहेर येतो. एका पानाचे नाव दुहेरी महिरपी कंसांत, नावाआधी अपूर्णविराम (:) देऊन दुसऱ्या पानात टाकले की पहिल्याचा मजकूर दुसऱ्यात येऊन बसतो. शोधाच्या निकालात ओळी दिसतात. अलीकडील बदलांत संपादनाचा सारांश दिसतो. पान एक्स्पोर्ट करण्याची सोय आहे, इतर प्रोग्रॅमना मजकूर देणारा एपीआय आहे. एकेक भोक बुजवता येते, पण पुढच्या आवृत्तीत किंवा नव्या जोडणीबरोबर नवे पडत नाही ना, हे पाहणार कोण? थकबाकीदारांची नावे आणि सभासदांच्या तक्रारी यांसाठी एवढा धोका पत्करू नये.

दुसरी विकी उभी करा. त्याच सर्व्हरवर, हवे तर त्याच डेटाबेसमध्ये तक्त्यांच्या नावांना वेगळा उपसर्ग देऊन ती चालते. तिथे तारांकनाचे ‘रीड’ फॉल्स करा. लॉगिनचे पान तरीही उघडे राहते. नोंदणी बंद करायला मात्र विसरू नका. ती खुली राहिली तर कोणीही खाते काढून आत येईल आणि ‘रीड’ बंद केल्याचा काहीच उपयोग होणार नाही.

इतिवृत्ते सर्वांनी वाचायला हरकत नसेल आणि फक्त बदल कार्यकारिणीनेच करावेत एवढेच हवे असेल, तर गोष्ट सोपी आहे. ‘इतिवृत्त’ हे नवे नामविश्व (एकाच उपसर्गाने सुरू होणाऱ्या पानांचा वेगळा कप्पा) एक्स्ट्रानेमस्पेसेसमध्ये 3000 क्रमांकावर आणि त्याचे चर्चा नामविश्व 3001 वर घोषित करा. मूळ नामविश्वाचा क्रमांक सम, चर्चेचा त्यापुढचा विषम, हा नियम आहे. मग नेमस्पेसप्रोटेक्शनमध्ये 3000 साठी स्वतः ठरवलेल्या एका अधिकाराचे नाव द्या आणि तोच अधिकार कार्यकारिणीच्या गटाला ट्रू करा. चर्चापानांवर हे आपोआप लागत नाही, ते बहुधा बरेच आहे. ‘इतिवृत्त:’ ने सुरू होणारी पाने आधीपासून असतील तर नामविश्व घोषित केल्यावर ती हरवल्यासारखी होतात. मेंटेनन्स फोल्डरमधील ‘नेमस्पेसड्यूप्स’ ही स्क्रिप्ट ‘फिक्स’ पर्यायासह चालवली की ती परत जागेवर येतात.

प्रश्न : विकी पूर्ण खासगी केली आहे. तरी स्कॅन केलेल्या हस्तलिखिताच्या चित्राची लिंक लॉगिन न करता उघडते. — संशोधन संस्थेतील कर्मचारी, पुणे

चित्र विकी दाखवतच नाही, वेब सर्व्हर थेट ‘इमेजेस’ फोल्डरमधून देतो. विकीचे अधिकार तिथे विचारलेच जात नाहीत. दोन कामे बरोबर करावी लागतात. अपलोडपाथ ही सेटिंग विकीच्या फोल्डरातील ‘इमेज ऑथ’ या पीएचपी फाइलकडे वळवा, म्हणजे प्रत्येक चित्र अधिकार तपासून मिळेल. आणि सर्व्हरच्या पातळीवर ‘इमेजेस’ फोल्डरला थेट प्रवेश बंद करा. वेब सर्व्हर अपाची असेल तर त्या फोल्डरसाठी ‘रिक्वायर ऑल डिनाइड’, एन्जिनएक्स असेल तर त्या मार्गासाठी ‘डिनाय ऑल’. पहिले करून दुसरे राहिले की पानावर सगळे ठीक दिसते, पण जुनी लिंक ज्याच्याकडे आहे त्याला चित्र मिळतच राहते. ब्राउझरच्या खासगी खिडकीत जुनी लिंक टाकून पाहा, 403, म्हणजे प्रवेश नाकारल्याचा संदेश, आले पाहिजे. लघुप्रतिमेची लिंकही तशीच तपासा. काढून टाकलेली चित्रे याच फोल्डरच्या पोटात ‘डिलीटेड’मध्ये असतात, हेही ध्यानात असू द्या.

प्रश्न : नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याचे खाते ब्लॉक केले. आमची विकी खासगी आहे. तो अजून वाचू शकतो का? खाते काढूनच टाकता येईल का? — लेखा विभाग, नाशिक

वाचू शकतो. ब्लॉकमुळे लिहिणे थांबते, वाचणे नाही. खासगी विकीसाठी ब्लॉकडिसेबल्सलॉगिन ट्रू करा, मग ब्लॉक झालेल्याला लॉगिनच करता येत नाही. खाते काढून टाकण्याचा विचार सोडा : त्याची संपादने इतिहासात त्याच्या नावावर आहेत आणि कोणी काय लिहिले हे पुढे विचारले जाणारच. ‘यूजरराइट्स’ पृष्ठावर त्याला सर्व गटांतून काढा आणि तिथेच कारण लिहा, ते अधिकारांच्या नोंदवहीत कायम राहते.

‘ऑफिस’ नावाचे एखादे सामायिक खाते चालवत असाल तर त्याचा पासवर्डही आजच बदला. खरे म्हणजे असे खाते ठेवूच नये. कोणी काय बदलले याचा पत्ताच लागत नाही.

प्रश्न : विद्यार्थी स्वयंसेवकांना एका सत्रापुरते संपादक करायचे आहे. दर वेळी ब्युरोक्रॅटला गाठावे लागते. — प्रकल्प समन्वयक, पणजी

ॲडग्रुप्समध्ये सिसॉपपुढे ‘एडिटर’ लिहा आणि रिमूव्हग्रुप्समध्येही. आता प्रचालक फक्त त्या एका गटात लोकांना घेऊ-काढू शकतील. ‘यूजरराइट्स’ हा सरसकट अधिकार प्रचालकांना देऊ नका, त्यातून कोणीही कोणालाही काहीही बनवू शकतो. आवृत्ती 1.29 पासून सदस्यत्वाला मुदत घालता येते. गटासमोरच्या यादीतून सहा महिने निवडले की मुदत संपताच अधिकार आपोआप जातो. फक्त ॲडग्रुप्स दिले आणि रिमूव्हग्रुप्स विसरलात तर मुदत वाढवता येईल, कमी करता येणार नाही. चुकून वर्ष घातले तर पुन्हा ब्युरोक्रॅटकडेच जावे लागेल.

गटाचे अंतर्गत नाव रोमन लहान अक्षरांतच ठेवा. पडद्यावर ‘संपादक’ दिसण्यासाठी मीडियाविकी नामविश्वात ‘ग्रुप’, आडवी रेघ आणि गटाचे अंतर्गत नाव अशा शीर्षकाच्या पानावर अनेकवचनी नाव लिहा. त्याच शीर्षकापुढे आडवी रेघ आणि ‘मेंबर’ जोडलेल्या पानावर एकवचनी.

प्रश्न : मुखपृष्ठ सुरक्षित आहे, तरी त्यातला मजकूर बिघडवला गेला. — वाचक, अकोला

साच्यातून, म्हणजे इतर पानांत घालून वापरायच्या पानातून, बिघडवला असणार. मुखपृष्ठ सुरक्षित करताना ‘कॅस्केडिंग’ची खूण केली की त्यात वापरलेले साचे आणि चित्रेही सुरक्षित होतात. ही सोय मुळात फक्त प्रचालक पातळीलाच मिळते, आणि ते योग्यच आहे. खालच्या पातळीला दिली असती तर सुरक्षित पानात एखादा साचा घुसवून कोणीही तो साचा इतरांसाठी बंद करू शकला असता.

प्रश्न : ब्युरोक्रॅट एकच होते आणि आता संपर्कात नाहीत. विकी आमच्याच सर्व्हरवर आहे. — संस्था चालक, सोलापूर

सर्व्हर हातात असेल तर कोणाची परवानगी लागत नाही. कमांड लाइनवर मेंटेनन्स फोल्डरमधील ‘क्रिएटअँडप्रमोट’ ही स्क्रिप्ट सिसॉप आणि ब्युरोक्रॅट या दोन्ही पर्यायांसह चालवा. ज्याला बढती द्यायची ते खाते आधीच असेल तर ‘फोर्स’ हा पर्याय जोडा, नाहीतर खाते अस्तित्वात असल्याची तक्रार करून ती थांबते. आवृत्ती 1.40 पासून मेंटेनन्स स्क्रिप्ट ‘रन’ या पीएचपी फाइलमार्फत चालवायच्या असतात. पासवर्ड त्याच ओळीत टाइप केला तर तो कमांडच्या इतिहासात राहतो, म्हणून आत शिरताच बदला.

स्वस्त होस्टिंगवर कमांड लाइन मिळत नाही. तिथे पीएचपीमायॲडमिन या डेटाबेस हाताळण्याच्या साधनातून ‘यूजर’ तक्त्यात त्या खात्याचा क्रमांक पाहा आणि ‘यूजर ग्रुप्स’ तक्त्यात दोन नव्या ओळी घाला : तोच क्रमांक, एका ओळीत सिसॉप, दुसरीत ब्युरोक्रॅट, मुदतीचा रकाना नल, म्हणजे रिकामा. त्याआधी डेटाबेसची प्रत उतरवून घ्या. काम झाले की लगेच दुसऱ्या एका विश्वासू माणसालाही ब्युरोक्रॅट करा.